रीड माइल्स

रीड माइल्स (जन्म : शिकागो, ४ जुलै १९२७, मृत्यू : २ फेब्रुवारी १९९३) हे अमेरिकन ग्राफिक डिझायनर व छायाचित्रकार होते. न्यू यॉर्कमधील ‘ब्लू नोट रेकॉर्ड्स’ या जॅझ संगीताच्या कंपनीसाठी त्यांनी सुमारे ५०० ध्वनिमुद्रिकांची वेष्टने तयार केली. जॅझला दृश्य ओळख मिळवून देणाऱ्या माइल्स यांना स्वतःला मात्र जॅझची फारशी आवड नव्हती.

पूर्वायुष्य

माइल्स यांचे बालपण कॅलिफोर्नियात गेले. नौदलातील सेवेनंतर त्यांनी लॉस एंजेलिसच्या शूनार्ड कलासंस्थेत शिक्षण घेतले. पुढे न्यू यॉर्कला येऊन त्यांनी डिझायनर जॉन हर्मनसेडर यांच्याकडे व ‘एस्क्वायर’ मासिकात काम केले.

ब्लू नोटमधील कार्य

१९५०च्या दशकाच्या मध्यावर १० इंची तबकड्यांची जागा १२ इंची तबकड्या घेऊ लागल्या व नव्या, मोठ्या वेष्टनांची गरज निर्माण झाली. याच सुमारास माइल्स ब्लू नोटमध्ये आले. दुकानात गिऱ्हाइकाला संगीताआधी वेष्टन दिसते. त्यामुळे आतील संगीताचा बाज पाहताक्षणी कळणे आवश्यक होते. संस्थापक अल्फ्रेड लायन प्रत्येक ध्वनिमुद्रणाची प्रकृती व हेतू माइल्स यांना समजावून सांगत आणि त्या वर्णनावरून ते रचना करीत. भेट मिळालेल्या जॅझच्या तबकड्या देऊन ते पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या तबकड्या घेत.

शैली

मोजके रंग, भरपूर मोकळी जागा व ठसठशीत अक्षरे ही त्यांची वैशिष्ट्ये होत. कमी रंगांत छपाई स्वस्त पडे. माइल्स यांनी या मर्यादेचीच शैली केली. जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘ब्लू ट्रेन’च्या वेष्टनावर फ्रान्सिस वुल्फ यांनी काढलेले छायाचित्र निळ्या छटेत छापले आहे. वुल्फ यांची छायाचित्रे माइल्स निःसंकोचपणे कापीत. कलावंताचे कपाळच कापले जाणे वुल्फ यांना रुचत नसे. जॅकी मॅक्लीन यांच्या ‘इट्स टाइम!’साठी त्यांनी जवळजवळ संपूर्ण पृष्ठ उद्गारचिन्हांनी भरले. एरिक डॉल्फी यांच्या ‘आउट टू लंच!’वर (१९६४) दुकानाच्या दारावरील पाटी दिसते. तिच्यातील घड्याळाला अनेक काटे असल्याने मालक केव्हा परतणार, हे कळत नाही. आतील अनपेक्षित वळणांच्या संगीताची ही सूचना होती. केनी बरेल यांच्या ‘ब्लू लाइट्स’साठी (१९५८) त्यांनी अँडी वॉरहॉल यांचे रेखाचित्र वापरले.

उत्तरायुष्य व प्रभाव

लायन १९६७मध्ये निवृत्त झाले. त्याच सुमारास माइल्स यांचेही ब्लू नोटमधील काम संपले. नंतर ते जाहिरातींच्या छायाचित्रणाकडे वळले. बॉब डिलन व ‘द बँड’ यांच्या ‘द बेसमेंट टेप्स’च्या (१९७५) वेष्टनावरील छायाचित्र त्यांचे आहे. त्यांच्या रचनांचे अनुकरण जॅझबाहेरही झाले. एल्व्हिस कॉस्टेलो यांच्या ‘ऑलमोस्ट ब्लू’चे (१९८१) वेष्टन बरेल यांच्या ‘मिडनाइट ब्लू’वर बेतलेले आहे.