डॅनियल वेसन : एका शस्त्रकारागिराची जीवनकथा

कळवण तालुक्याचे नाव निघाले की प्रथम सप्तशृंगीचा गड डोळ्यांपुढे उभा राहतो. गडावरील जगदंबा अष्टादशभुजा असून तिच्या हातांत नानाविध आयुधे आहेत. खंडेनवमीच्या दिवशी आपल्या घरोघरी ऐरण, घण, करवत, रंधा यांवर हळदकुंकू वाहिले जाते. ज्या हत्याराने पोट भरते ते आणि ज्याने रक्षण होते ते, अशी दोहोंची पूजा आपण एकाच दिवशी करतो. म्हणूनच सातासमुद्रापलीकडील एका शस्त्रकारागिराचे चरित्र या पानांतून सादर करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. कारागिरी, भागीदारी आणि करारमदार यांचे त्यातील धडे ऐरणीपाशी वाढलेल्या कोणत्याही कुटुंबास परके वाटू नयेत.

डॅनियल वेसन यांचा जन्म १८ मे १८२५ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातील वुस्टर येथे झाला. वडील शेती करीत आणि नांगर बनवीत. थोरले बंधू एडविन हे नेमबाजीच्या उत्तम रायफली घडविणारे नामांकित कारागीर होते. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास डॅनियल त्यांच्यापाशी उमेदवारी करू लागले. नळी कशी कोरावी, घोडा आणि चाप यांची जुळणी कशी साधावी, कानस कोठे थांबवावी, हे सर्व ते भावाच्या हाताखाली शिकले. १८४७ साली सिंथिया हॉज या मुलीशी त्यांचा विवाह झाला. बंदुका घडविणारा तरुण जावई म्हणून वधूपित्यास पसंत नव्हता, तेव्हा उभयतांनी घराबाहेर जाऊन लग्न केले. हा संसार मात्र जवळजवळ साठ वर्षे सुखाने चालला.

१८४९ मध्ये एडविन अकस्मात वारले. धंद्यावर कर्ज होते, दुकान मोडले आणि धाकट्या भावास पुन्हा आरंभापासून उभे राहावे लागले. पुढे, १८५१ साली, एडविन यांच्या रचनेची रिव्हॉल्व्हरे बनविणाऱ्या कंपनीवर सॅम्युएल कोल्ट यांनी पेटंटभंगाचा दावा लावला आणि तो जिंकला. हातात कसब असले तरी कागद पक्का नसेल तर कसब उघड्यावर पडते, हे तरुण वेसन यांस फार जवळून पाहावयास मिळाले.

१८५२ साली त्यांनी होरेस स्मिथ यांच्याशी भागी केली. स्मिथ त्यांच्याहून सतरा वर्षांनी वडील होते आणि स्प्रिंगफिल्डच्या सरकारी शस्त्रशाळेत मुरलेले होते. या पहिल्या भागीदारीतील पिस्तुलाचा धंदा १८५५ मध्ये दुसऱ्या मंडळीकडे गेला. परंतु १८५६ साली दोघे पुन्हा एकत्र आले आणि स्प्रिंगफिल्ड येथे त्यांनी ज्याचा पाया घातला, तो स्मिथ अँड वेसन कारखाना पुढे जगप्रसिद्ध झाला.

त्या काळचे रिव्हॉल्व्हर भरणे म्हणजे मोठी खटपट असे. आपल्या डोंगराळ भागातील वृद्धांनी ठासणीची बंदूक पाहिली असेल, तिचीच ती लहान बहीण. चक्राच्या प्रत्येक घरात समोरून दारू घालावयाची, गोळी ठासावयाची आणि मागे टोपी बसवावयाची. पावसाळी हवेत दारू सर्दली की सारे श्रम व्यर्थ. फ्रान्समध्ये फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास तांब्याच्या टोपीतच गोळी बसवून घरगुती नेमबाजीची एक युक्ती काढली होती. वेसन यांनी ती पुढे नेली. त्यांनी तांब्याचे लांबट काडतूस केले, त्याच्या बुडाच्या पोकळ कडेत पेट घेणारा मसाला भरला, पोटात काळी दारू घातली आणि तोंडाशी शिशाची गोळी बसविली. घोडा कडेवर आदळताच मसाला पेटावा, अशी ही रचना. यासच रिमफायर म्हणतात. दारू सुमारे दोन गुंजा आणि गोळी सुमारे सोळा गुंजा, इतका हा चिमुकला जीव! गोळीचा व्यास इंचाच्या शंभर भागांपैकी सुमारे बावीस भाग असल्याने त्यास पॉइंट टू टू हे नाव पडले.

हे काडतूस मागून भरावयाचे तर चक्राची घरे आरपार कोरलेली हवीत. नेमके याच रचनेचे पेटंट ३ एप्रिल १८५५ रोजी रोलिन व्हाइट यांनी घेतले होते. हे गृहस्थ पूर्वी कोल्टच्या कारखान्यात काम करीत. नोव्हेंबर १८५६ मध्ये वेसन व स्मिथ यांनी त्यांच्याशी करार केला. दर रिव्हॉल्व्हरमागे व्हाइट यांस पाव डॉलर मिळावयाचा होता. मात्र पेटंटावर कोणी आक्रमण केले तर न्यायालयात लढण्याचा भार व्हाइट यांनीच उचलावा, अशी अट होती.

१८५७ च्या अखेरीस सात बारांचे पहिले रिव्हॉल्व्हर बाहेर पडले. त्याची नळी बिजागरीवर वर उचलावयाची, चक्र काढून घ्यावयाचे, नळीखालील दांडीने रिकामी काडतुसे ढकलावयाची आणि नवी भरावयाची. १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि मागणी इतकी वाढली की कारखाना अपुरा पडला. गोळीचा जोर फार नव्हता, तरी भरण्यास सोपे व खिशात मावणारे हत्यार म्हणून सैनिक ते पदरमोड करून घेत. १८८२ पर्यंत या पहिल्या नमुन्याची अडीच लाखांवर रिव्हॉल्व्हरे निघाली.

कारखाना भरभराटीस आला, परंतु व्हाइट यांचे काय झाले? ज्यांनी ज्यांनी नक्कल केली त्यांच्याविरुद्ध ते वर्षानुवर्षे दावे लढत राहिले. ते जिंकले खरे, परंतु मिळालेल्या पैशाचा मोठा भाग खटल्यांतच गेला. १८६९ साली पेटंटाची मुदत संपली. ती वाढवून मागण्याचा मार्ग खुला करणारे विधेयक कायदेमंडळाने संमत केले, पण जानेवारी १८७० मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी ते नाकारले. या पेटंटामुळे युद्धकाळी इतरांस अशी रिव्हॉल्व्हरे बनविता आली नाहीत व त्याने सरकारची हानी झाली, असे लष्करी खात्याचे मत होते. वेसन यांनी अन्याय केला काय? करार उघड होता आणि सही स्वखुषीची होती. तरीही नफा एकाकडे व भांडण दुसऱ्याकडे, अशी ती वाटणी होती. भावाच्या पडझडीतून वेसन जे शिकले, त्याची किंमत अखेर व्हाइट यांनी मोजली, असेच आम्हांस वाटते. आपल्या तरुण कारागिरांनी कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी, काय मिळणार याइतकेच काय अंगावर येणार हेही विचारून घ्यावे.

पुढे वेसन यांनी मोठ्या काडतुसाची रिव्हॉल्व्हरे बनविली आणि रशियाच्या सैन्यासाठी प्रचंड मागणी मिळविली. १८७० नंतरच्या दशकात स्मिथ निवृत्त झाले व वेसन यांनी आपल्या मुलांस धंद्यात घेतले. लहान काडतुसावरील त्यांचा लोभ मात्र अखेरपर्यंत सुटला नाही. ते सत्त्याहत्तर वर्षांचे असताना, १९०२ साली, कारखान्याने सात बारांचे एक नवे चिमुकले पॉइंट टू टू रिव्हॉल्व्हर काढले. स्प्रिंगफिल्ड शहरातील रुग्णालयांसाठी त्यांनी सढळ हाताने धन दिले. १९०६ च्या जुलैमध्ये पत्नी निवर्तली आणि ४ ऑगस्ट रोजी त्यांनीही देह ठेवला.

आज जगभरचे संग्राहक त्यांची जुनी रिव्हॉल्व्हरे जिवापाड जपतात. पहिल्या नमुन्याच्या तीन आवृत्त्या ते ओळखतात. १८६० पर्यंतची पहिली आवृत्ती बारा हजारांहूनही कमी निघाली, म्हणून ती विशेष मोलाची. दुसरीच्या सांगाड्याच्या बाजू सपाट असतात, तर तिसरीच्या चक्रावर खोबणी आणि मूठ पक्ष्याच्या मस्तकासारखी गोल असते. जाणता संग्राहक या जुन्या हत्यारांत आजचे जोरकस काडतूस कधीही घालीत नाही, कारण त्यांची घडण काळ्या दारूच्या सौम्य दाबासाठी झाली होती. नेम धरण्याची हौस तो नव्या रिव्हॉल्व्हरवर भागवितो.

आपल्याकडे असा संग्रह सुलभ नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना आवश्यक आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास दोनच बंदुकांची मुभा उरली. खेळाडूंसाठी वेगळ्या सवलती आहेत. मात्र त्या चिमुकल्या काडतुसाचे वंशज महाराष्ट्राच्या कीर्तीस कारण झाले, हे विसरता येणार नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. त्याच जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीचे कांस्यपदक आणले. दोन्ही प्रकारांत काडतूस पॉइंट टू टू रिमफायरच.

नांगर बनविणाऱ्याच्या घरी जन्मलेला मुलगा कानशीच्या बळावर केवढा मोठा होऊ शकतो, हे या चरित्रातून दिसते. त्याच वेळी, ज्याची कल्पना वापरली त्याचा वाटा न्याय्य ठेवावा, हा विचारही ते मनात जागा करते. येत्या खंडेनवमीस हत्यारांची पूजा मांडताना घरातील मुलांना ही कथा वडीलधाऱ्यांनी अवश्य सांगावी, अशी आमची विनंती आहे.