सुगंधाचा जनक : एडमंड आल्बियस

घरी केक करावयाचा असो वा कस्टर्ड, चमचाभर व्हॅनिला घातल्यावाचून आपल्या महूतील गृहिणींचेही समाधान होत नाही. परंतु दुकानात अस्सल अर्काची कुपी मागावी, तर तिची किंमत साध्या इसेन्सच्या अनेक पट असते. हे अंतर का पडले, हे जाणावयाचे असेल तर ज्या मुलाने हा सुगंध जगाच्या हाती दिला, त्याचे चरित्र आपण पाहिले पाहिजे.

एडमंडचा जन्म १८२९ साली हिंदी महासागरातील रियुनियन या फ्रेंच बेटावर, सेंट सुझान येथे झाला. आई गुलाम, म्हणून मुलगाही जन्मतःच गुलाम. त्याला जन्म देतानाच आई वारली. त्याला आडनाव नव्हते, शाळा तर दूरच राहिली. फेरेओल बेलिये-बोमाँ नावाच्या मळेवाल्याकडे तो वाढला. या गृहस्थास वनस्पतींचा मोठा नाद. बागेत हिंडताना तो मुलास बरोबर नेई. फुलांचे अवयव, परागांचे कार्य या गोष्टी एडमंडने तेथेच आत्मसात केल्या.

त्या बागेत व्हॅनिलाचा एक वेल होता. ऑर्किड कुळातील हा वेल मूळचा मेक्सिकोचा. तेथील मधमाश्या त्याची फुले फळवितात. मायदेशाबाहेर मात्र वेल फुले, पण शेंग काही धरीत नसे. बेल्जियममधील मॉरेन या विद्वानाने १८३६ साली हाताने परागण करून शेंगा मिळविल्या होत्या. परंतु त्याची रीत मळ्यांत उपयोगी पडली नाही. १८४१ साली बेलिये-बोमाँला आपल्या वेलीवर शेंगा दिसल्या आणि तो चकित झाला. ही किमया एडमंडची होती. तेव्हा त्याचे वय अवघे बारा वर्षांचे! मालकाचा आधी विश्वासच बसेना. मग एडमंडने त्याच्यासमोर कृती करून दाखविली. फुलातील परागांच्या आणि स्त्रीकेसराच्या मध्ये एक नाजूक पडदा असतो. बांबूच्या बारीक काडीने तो उचलावयाचा व अंगठ्याने पराग अलगद दाबावयाचे, इतकेच. काम क्षणाचे; पण फूल एकच दिवस उमलते, तेवढ्यात ते साधले पाहिजे.

भोवतालचे मळेवाले ही विद्या शिकण्यासाठी एडमंडला बोलावू लागले. बेटाचा व्यापार भरभराटला आणि पुढे ती विद्या मादागास्करला पोहोचली. आजही तेथे, तसेच आपल्या केरळ-कर्नाटकात, एकेक फूल हातानेच फळवितात. शेंग वेलीवर पक्व होण्यास सुमारे नऊ महिने लागतात. मग ती गरम पाण्यात बुडवून, उबेत ठेवून, महिनोन्‌महिने सुकवावी लागते. अस्सल अर्काची किंमत या श्रमांची आहे.

१८४८ साली गुलामगिरी संपली. एडमंडला स्वातंत्र्य मिळाले आणि आल्बियस हे आडनावही. पण त्याच्या शोधाने श्रीमंत झालेल्यांच्या संपत्तीतील वाटा मात्र मिळाला नाही. पुढे दागिन्यांच्या चोरीच्या प्रकरणात त्याला कारावास घडला; त्याच्या कार्याचे स्मरण देऊन केलेल्या विनंतीवरून त्याची मुदतीपूर्वी सुटका झाली. याहून मोठा घाव निराळाच होता. रिशार नावाच्या एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने या शोधाचे श्रेय स्वतःकडे घेऊ पाहिले. बेलिये-बोमाँने लेखी साक्ष देऊन तो दावा खोडून काढला, म्हणून इतिहासात एडमंडचे नाव टिकले. ९ ऑगस्ट १८८० रोजी, जन्मगावीच, दारिद्र्यात त्याचा अंत झाला.

त्याच्या हयातीतच, १८७४ साली, जर्मनीतील टीमान व हार्मान या रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅनिलाच्या शेंगेतील प्रमुख सुगंधी द्रव्य, व्हॅनिलिन, प्रयोगशाळेत तयार केले. आजचा स्वस्त इसेन्स याच द्रव्याचा. ते बहुतेक खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून बनवितात. हे व्हॅनिलिन शेंगेतल्याहून वेगळे नसते; परंतु शेंगेत त्याच्या जोडीला आणखी शेकडो सुगंधी घटक असतात. बिस्किटे वा केक भट्टीत भाजताना त्यांतील पुष्कळसे उडून जातात, तेव्हा दोहोंतील अंतर सहसा जाणवत नाही. तेथे स्वस्त इसेन्स खुशाल वापरावा. कस्टर्ड, आइसक्रीम किंवा केकवरील साय यांत मात्र अस्सल अर्काची गोडी निराळी कळते.

म्हणून नकलेस आम्ही दोष देत नाही. गरिबाच्या घरीही तिनेच सुगंध नेला. दोष आहे तो नकलेवर अस्सलाची चिठ्ठी चिकटविण्यात, मग ती कुपीवर असो की दुसऱ्याच्या बुद्धीवर. एडमंडच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांच्या आत, १४ एप्रिल १८९१ रोजी, आमच्या याच महूत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. बुद्धी कोणाच्या कुळाची मिरास नाही, हे येथील मुलांना वेगळे सांगावयास नको. तरीही ज्याचे श्रेय त्याला देण्याची सवय आपण प्रत्येकाने लावून घ्यावयाची आहे. पुढच्या वेळी केकचा सुगंध सुटेल, तेव्हा त्या बारा वर्षांच्या मुलाचे नाव आपल्या घरी अवश्य सांगावे.