सखाराम गणेश देऊसकर

सखाराम गणेश देऊसकर (१७ डिसेंबर १८६९ – २३ नोव्हेंबर १९१२) हे बंगाली भाषेत लेखन करणारे मराठी भाषक पत्रकार, इतिहासलेखक आणि शिक्षक होते. बंगालमध्ये त्यांच्या आडनावाचा उच्चार ‘देउस्कर’ असा रूढ आहे. ब्रिटिश राजवटीतील भारताच्या आर्थिक अवनतीचे विवेचन करणारा ‘देशेर कथा’ हा त्यांचा ग्रंथ १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वंगभंगविरोधी स्वदेशी चळवळीतील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक ठरला. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली.

पूर्वपीठिका व बालपण

देऊसकरांचे पूर्वज कोकणातील देऊस या गावचे. अठराव्या शतकात मराठी सत्तेचा विस्तार पूर्वेकडे होत असता हे घराणे देवघरजवळच्या करौं या गावी स्थायिक झाले. त्या काळी बंगाल प्रांतात असलेला हा भाग आता झारखंड राज्यात आहे. सखारामांचा जन्म तेथेच झाला. वयाच्या पाचव्या वर्षी मातृछत्र हरपल्याने त्यांचे पालनपोषण आत्याने केले. आत्याला मराठी वाङ्मयाची उत्तम जाण होती. घरी मराठी, मुंजीनंतर वेदाध्ययन आणि शाळेत व गावात बंगाली अशा त्रिविध संस्कारांत त्यांची जडणघडण झाली.

अध्यापन

देवघर येथील आर. मित्र हायस्कुलातून १८९१ मध्ये ते प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८९३ पासून त्याच शाळेत शिक्षक झाले. उत्तरायुष्यात देवघरला वास्तव्यास आलेले ब्राह्म समाजाचे विचारवंत राजनारायण बसू यांचा सहवास त्यांना लाभला. राजनारायण हे अरविंद घोष यांचे मातामह होत. अरविंदांचे धाकटे बंधू बारींद्रकुमार हे या शाळेत देऊसकरांचे विद्यार्थी होते.

याच सुमारास स्थानिक इंग्रज दंडाधिकाऱ्याच्या अन्यायाविरुद्ध देऊसकरांनी कलकत्त्याच्या ‘हितवादी’ या बंगाली साप्ताहिकात लेखन केले. लेखन न थांबविल्यास नोकरी जाईल, अशी धमकी त्यांना मिळाली. त्यांनी लेखन थांबविले नाही. नोकरी सोडून ते कलकत्त्यास गेले.

पत्रकारिता

‘हितवादी’ १८९१ मध्ये सुरू झाले होते. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या आरंभीच्या काही लघुकथा त्यातच प्रसिद्ध झाल्या होत्या. देऊसकर तेथे मुद्रितशोधक म्हणून रुजू झाले आणि आपल्या लेखणीच्या बळावर पुढे संपादकपदापर्यंत पोहोचले. ते लोकमान्य टिळकांना राजकीय गुरू मानीत. १९०७ च्या सुरत अधिवेशनात काँग्रेस दुभंगल्यावर मालकांनी त्यांना टिळकांविरुद्ध लिहिण्यास सांगितले. त्यास नकार देऊन त्यांनी संपादकपदाचा राजीनामा दिला.

त्यानंतर राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या कलकत्त्यातील महाविद्यालयात ते बंगाली भाषा आणि भारताचा इतिहास शिकवू लागले. ज्याची घरची भाषा मराठी, त्याने बंगाली विद्यार्थ्यांना बंगाली शिकवावी, यावरून त्या भाषेवरील त्यांच्या प्रभुत्वाची कल्पना येते.

मराठ्यांचा इतिहास बंगालीत

१७४० च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. १७५१ च्या तहाने त्या थांबल्या, परंतु लोकस्मृतीतून गेल्या नाहीत. मराठी ‘बारगीर’ या शब्दापासून आलेला ‘बर्गी’ हा शब्द बंगाली अंगाईगीतांत लुटारूंची भीती दाखविण्यासाठी उरला, आणि गंगाराम या कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात त्या विध्वंसाचे वर्णन केले. अशा वाचकांपुढे मराठ्यांचा इतिहास मांडणे सोपे नव्हते.

देऊसकरांनी हे काम बंगालीतूनच केले. ‘महामति रानडे’ व ‘झांसीर राजकुमार’ (१९०१), ‘बाजीराव’ (१९०२), ‘शिवाजीर महत्त्व’ (१९०३) आणि ‘शिवाजीर दीक्षा’ (१९०४) ही त्यांची पुस्तके या प्रयत्नाची साक्ष देतात. टिळकांनी महाराष्ट्रात सुरू केलेला शिवाजी उत्सव १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. रवींद्रनाथांची ‘शिवाजी उत्सव’ ही कविता ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तकाच्या निमित्ताने लिहिली गेली. १९०६ च्या कलकत्त्यातील उत्सवास स्वतः टिळक उपस्थित होते.

देशेर कथा

मराठी वाचकास ‘कथा’ म्हणजे गोष्ट वाटते. बंगालीत मात्र या शब्दाचा अर्थ बोलणे, हकिगत असा होतो. त्यामुळे ‘देशेर कथा’ म्हणजे देशाची हकिगत. दोन्ही भाषांत संस्कृत शब्दभांडार समान असले तरी घडण वेगळी आहे. मराठीत तीन लिंगे असून ‘देशाचा, देशाची, देशाचे’ असे प्रत्यय बदलतात. बंगालीत व्याकरणिक लिंगभेद नसल्याने ‘देशेर’ हे एकच रूप पुरते. परिचित शब्दांचे असे अर्थभेद आत्मसात करूनच देऊसकर बंगाली वाचकापर्यंत पोहोचले.

दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त आणि विल्यम डिग्बी यांनी इंग्रजीत मांडलेली आर्थिक शोषणाची मीमांसा या ग्रंथाने सामान्य वाचकाच्या भाषेत आणली. शेतकऱ्यांची दैना, कारागिरांचा आणि देशी उद्योगांचा ऱ्हास हे त्याचे प्रमुख विषय होत. एक हजार प्रतींची पहिली आवृत्ती काही महिन्यांतच संपली. १९०८ पर्यंत पाच आवृत्त्या निघून सुमारे १३ हजार प्रती छापल्या गेल्या. राजकीय स्वातंत्र्याच्या अर्थाने ‘स्वराज्य’ हा शब्द बंगालमध्ये प्रथम वापरण्याचे श्रेय अरविंद घोष यांनी देऊसकरांना दिले आहे.

अखेरची वर्षे

१९१० मध्ये ‘देशेर कथा’ आणि टिळकांवरील खटल्यासंबंधीचे ‘तिलकेर मोकद्दमा’ ही दोन्ही पुस्तके सरकारने जप्त केली. सरकारी रोषाच्या भीतीने महाविद्यालयाचे चालकही अस्वस्थ झाले, तेव्हा देऊसकरांनी ती नोकरीही सोडली. शाळा, वृत्तपत्र आणि महाविद्यालय अशा तिन्ही ठिकाणची उपजीविका त्यांनी लेखणीपायी गमावली. पत्नी आणि एकुलता एक मुलगा यांच्या मृत्यूने ते खचले आणि करौं येथे परतले. तेथेच वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

देऊसकरांचे भाचे बाबूराव विष्णू पराडकर यांनी ‘देशेर कथा’चा ‘देश की बात’ हा हिंदी अनुवाद केला. हेच पराडकर पुढे हिंदी पत्रकारितेचे अग्रणी म्हणून ख्यातनाम झाले. अशा प्रकारे मराठी घरातील मामाने बंगालीची आणि भाच्याने हिंदीची सेवा केली. महाराष्ट्रात देऊसकरांचे नाव आज फारसे घेतले जात नाही. बंगालच्या स्वदेशी चळवळीच्या इतिहासात मात्र त्यांचे स्थान अबाधित आहे.