अन्ना मणी : हवामानाच्या नोंदींना शिस्त लावणाऱ्या विदुषी

पुण्याच्या शिवाजीनगरातील ज्या हवामान कचेरीला जुने पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, तेथे १९४८ साली अन्ना मणी रुजू झाल्या. आपल्याच जिल्ह्यात घडलेल्या त्यांच्या कार्याचा परिचय या स्मरणिकेत असावा, असे आम्हांस वाटले.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. आठव्या वाढदिवशी मिळणारी हिऱ्यांची कर्णभूषणे नाकारून त्यांनी ज्ञानकोशाचे खंड मागून घेतले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्या बंगळूरला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांवर त्यांनी पाच स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केले व डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला. एम.एस्सी. नसल्याचे कारण दाखवून विद्यापीठाने ती पदवी नाकारली. आमच्या माजी विद्यार्थिनींनी हा प्रसंग अवश्य ध्यानी घ्यावा. कारण पुढचे सारे कार्य बाईंनी त्या पदवीवाचूनच केले. १९४५ साली त्या लंडनच्या इम्पीरियल महाविद्यालयात गेल्या आणि तेथे हवामानशास्त्रीय उपकरणांकडे वळल्या.

त्या काळी साधी उपकरणेही बहुधा परदेशातून येत. बाईंनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवून त्यांचे उत्पादन देशात सुरू केले. १९५३ पर्यंत त्या विभागप्रमुख झाल्या होत्या. हाताखाली १२१ पुरुष होते. आराखड्यांचे काम वरवर रुक्ष वाटते. परंतु तापमान तीस अंश होते, एवढ्याने काय कळते? तापमापक सावलीत होता की उन्हात, जमिनीपासून किती उंचीवर, त्याची तपासणी केव्हा झाली, हे ठाऊक नसेल तर जुन्नरची नोंद नागपूरच्या नोंदीशी ताडता येत नाही. लेण्याद्रीच्या चैत्यगृहातील लेखही दान देणाऱ्या सुलसदत्ताचे नाव, पित्याचे नाव आणि कल्याण हे गाव सांगतो. म्हणूनच तो इतिहासाच्या उपयोगी पडतो.

ध्रुवप्रदेशांच्या अभ्यासकांना ही निकड फार पूर्वी जाणवली होती. १८८२-८३ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुववर्षात अनेक राष्ट्रांच्या पथकांनी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने निरीक्षणे घेतली. त्याच परंपरेतून १९५७-५८ चे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष साजरे झाले. त्यानिमित्त बाईंनी भारतभर सूर्यप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. पुढे फुग्याबरोबर आकाशात जाऊन ओझोन मोजणारे उपकरण त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातच सिद्ध केले. असली भारतीय उपकरणे नंतर अंटार्क्टिकावरील आपल्या केंद्रातूनही सोडण्यात आली. उपकरण एकाच घडणीचे असल्याने तेथील हिमावरची नोंद आणि पुण्याची नोंद शेजारी ठेवून वाचता येते. बाईंच्या कामात आम्हांस हे सर्वांत मोलाचे वाटते, जरी त्यांच्या चरित्रांतून हिऱ्यांच्या कर्णभूषणांचीच गोष्ट अधिक रंगवली जाते.

१९७६ साली त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. त्यानंतर भारतातील सूर्यप्रारणाच्या आकडेवारीचे दोन ग्रंथ त्यांनी सिद्ध केले आणि पवनऊर्जेसाठी देशभर शेकडो ठिकाणी वाऱ्याची मोजणी करविली. १९९४ मध्ये पक्षाघाताने त्या अंथरुणाला खिळल्या. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.