बत्तिसांतला एक

पुण्याच्या शुक्रवार पेठेतली महात्मा फुले मंडई पाहिली नाही असा मराठी माणूस विरळाच. दगडी बांधणी, अष्टकोनी आखणी, मधोमध उंच मनोरा आणि चहूबाजूंना पसरलेले भाजीचे ओटे. ५ ऑक्टोबर १८८६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते या मंडईचे उद्घाटन झाले आणि तिला त्यांचेच नाव मिळाले, रे मार्केट. पुढे पन्नासएक वर्षांनी, आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत होते त्या काळात, ते नाव बदलून महात्मा फुले मंडई झाले. नाव बदलले ते योग्यच झाले. पण ज्या माणसाचे नाव या वास्तूला दिले, त्याने ती बांधायला सभागृहात विरोध केला होता, हे मंडईत पिशवी घेऊन जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

जोतीराव फुले आपल्याला शाळेच्या पुस्तकातून भेटतात. मुलींची पहिली शाळा, सत्यशोधक समाज, गुलामगिरी, शेतकऱ्याचा असूड. हे सारे मोठेच आहे. पण १८७६ ते १८८२ अशी सहा वर्षे हा माणूस पुणे नगरपालिकेचा सभासद होता, रस्ते, दिवे, गटारे आणि खर्चाचे ठराव यांत बसत होता, ही गोष्ट आपण दोन ओळींत उरकतो. मला स्वतःला हे नगरपालिकेतले जोतीराव फार जवळचे वाटतात. त्याचे कारण माझ्या नोकरीत आहे. उभी हयात मी बँकेत घालवली. माणूस स्वतःचा पैसा कसा खर्च करतो त्यावरून त्याचा स्वभाव कळतो आणि दुसऱ्यांचा पैसा कसा खर्च करतो त्यावरून त्याची नियत कळते, एवढे शहाणपण त्या खुर्चीने मला दिले.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांकडे फुले पुरवण्याचा धंदा सुरू झाला आणि आडनावच फुले झाले. आई चिमणाबाई जोतीराव वर्षाचे होण्याआधीच गेल्या. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले, मग लोकांच्या बोलण्यावरून काढलेही. गफारबेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली म्हणून १८४१ साली मुलगा पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. १८४८ साली भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. त्यापायी जोतीराव आणि सावित्रीबाई या दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. १८५२ च्या नोव्हेंबरात सरकारने त्याच जोतीरावांचा विश्रामबाग वाड्यात शालजोडी देऊन सत्कार केला. हा विश्रामबाग वाडा वाचकांनी लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

जोतीराव ठेकेदार होते, ही गोष्टही आपण विसरतो. येरवड्याच्या पुलाचे काम, खडकवासल्याच्या धरणाला दगड पुरवणे, कात्रजच्या बोगद्याचे काम अशी कामे त्यांच्या नावावर आहेत. मांजरीला त्यांची शेती होती. म्हणजे दगडाची ब्रास, चुन्याची घाणी, मजुराचा रोज आणि बिलात कोठे काय फुगवले जाते, हे त्यांना हातावरच्या रेषांसारखे माहीत होते. बांधकाम खात्यातल्या लबाडीवर त्यांनी लिहिलेही आहे. इमारतीच्या खर्चाला हरकत घेणारा हा सभासद इमारत म्हणजे काय हे न कळणारा नव्हता. उलट, सभागृहात ते सर्वांत चांगले कळणाऱ्यांपैकी तो एक असावा.

तेव्हाची नगरपालिका आजच्यासारखी निवडून आलेली नव्हती. पुण्यात ती १८५७ साली स्थापन झाली आणि तिचे सभासद सरकार नेमीत असे. स्थानिक स्वराज्याविषयीचा लॉर्ड रिपनचा ठराव १८८२ चा, आणि निवडणुका आल्या त्या त्यानंतर. तेव्हा जोतीराव ज्या खुर्चीवर बसत ती सरकारने दिलेली होती. सरकारने दिलेल्या खुर्चीत बसून सरकारला न आवडणारे मत देणे किती अवघड असते, हे नोकरी केलेल्या कोणालाही सांगायला नको.

ती सहा वर्षेही साधी नव्हती. १८७६-७७ चा दुष्काळ दख्खनभर पसरला, माणसे गावे सोडून पुण्याच्या वाटेला लागली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला छावणी काढून दुष्काळग्रस्तांच्या मुलांना जेवू घातले. मग १३ मे १८७९ ची रात्र आली. त्या एका रात्रीत बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा, दोन्हींना आगी लागल्या. बुधवार वाड्यात सरकारी कचेऱ्या होत्या, ग्रंथालय होते. तो वाडा जळाला तो कायमचाच. विश्रामबाग वाड्याचा मोठा भाग जळाला, पण पुढे दुरुस्ती होऊन तो उभा राहिला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस, त्यामुळे संशय आधी तिकडे गेला. पुढे सरकारी बुक डेपोतलाच एक माणूस दोषी ठरला. सत्तावीस वर्षांपूर्वी जेथे शालजोडी अंगावर पडली होती तो वाडा जोतीरावांच्या सभासदकीच्या काळात असा पेटला. त्यांना काय वाटले असेल ते मी माझ्या कल्पनेने लिहिणार नाही. पण शहराचा कारभार म्हणजे केवळ शोभेचा मामला नाही, हे त्या रात्री पुण्यातल्या लहानथोरांना कळून चुकले असणार.

१८८० साली पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा जोतीरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापन समितीकडे लेखी तक्रार केली. त्यांचा मुद्दा सरळ हिशेबाचा होता. एका हाताने लोकांच्या आरोग्यावर खर्च करायचा आणि दुसऱ्या हाताने ते आरोग्य बिघडवणाऱ्या धंद्याला मोकळीक द्यायची, हा कसला कारभार?

याच कारकिर्दीतली दुसरी हकिकत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागताची. शहर सजवायला एक हजार रुपये मंजूर करावेत असा ठराव आला. सभागृहात नेमलेले बत्तीस सभासद होते. त्यांपैकी एकट्या जोतीरावांनी ठरावाच्या बाजूने मत दिले नाही. हेच पैसे पुण्यातल्या गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावेत, असे त्यांचे म्हणणे. बत्तिसांत एक! ठराव अर्थातच मंजूर झाला.

आणि मग मंडईचा प्रश्न. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरत असे. उन्हापावसात बसणाऱ्या बागवान-माळणींना छप्पर मिळावे, शहराला नीटनेटका बाजार मिळावा, ही कल्पना वाईट म्हणता येणार नाही. पण खर्च जात होता तीन लाख रुपयांच्या घरात. जोतीरावांनी विरोध केला. या वेळी ते अगदी एकटे नव्हते, त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. म्हणणे पुन्हा तेच, की आधी शिक्षण, मग इमारत. पुन्हा हार झाली, आणि मंडई उभी राहिली.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मंडई चांगलीच ठरली. एकशे चाळीस वर्षांच्या आसपास ती शेतकऱ्यांचा आणि भाजीवाल्यांचा माल विकते आहे. तिच्या ओट्यांवर कित्येक संसार उभे राहिले. मग जोतीराव चुकले होते का? माझ्या मनात हा प्रश्न बरेच दिवस घोळत होता. कर्जाचे प्रस्ताव तपासताना आम्हाला एक धडा लवकर मिळे. प्रस्ताव चांगला की वाईट हा प्रश्न सोपा असतो. दोन्ही प्रस्ताव चांगले असतात आणि तिजोरीत पैसा एकापुरताच असतो, तेव्हा खरा कस लागतो. जोतीराव इमारत वाईट आहे असे म्हणत नव्हते. ते क्रम विचारत होते. ज्या शहरात हजारो पोरांना अक्षर ओळखता येत नाही, त्या शहराने पहिले तीन लाख कशावर खर्च करावेत? मंडई पुढे उपयोगी ठरली म्हणून हा प्रश्न खोटा ठरत नाही. त्या वर्षांत ज्या मुलांना शाळा मिळाली नाही ती मुले मंडईच्या हिशेबात कोठेच दिसत नाहीत, इतकेच.

सभासदकी संपली त्याच साली, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. त्यात हा नगरपालिकेतला अनुभव उतरलेला दिसतो. स्थानिक उपकराच्या निधीतला निम्मा भाग प्राथमिक शिक्षणाला मिळावा आणि मोठ्या शहरांत प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, अशी त्यांची मागणी होती. शाळांचा कारभार मात्र पूर्णपणे नगरपालिकांच्या हाती देऊ नये, असेही त्यांनी बजावले. सहा वर्षे आत बसलेल्या माणसाचा तो इशारा होता.

१८८८ च्या मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ याच चिपळूणकरांनी मेजवानी दिली, तेव्हा जोतीराव सामान्य शेतकऱ्याच्या वेशात तेथे गेले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. जुलैत पक्षाघाताने उजवी बाजू गेली. मिळवलेला पैसा कामात खर्च झालेला, औषधपाण्याची ओढाताण. सयाजीराव गायकवाडांसारख्यांनी मदत केली. डाव्या हाताने लिहीत त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. ते १८९१ साली छापून आले, तेव्हा जोतीराव नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

पुण्याची ही गोष्ट मी लोहाऱ्यात बसून का सांगतो आहे, असे कोणी विचारील. जोतीराव मंडईवर मत देत होते तेव्हा आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. गावाने खर्चाचा ठराव करायचा असतो ही कल्पनाच इकडे उशिरा आली. १९९९ साली लोहारा तालुक्याचे ठिकाण झाले आणि ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली ती तर अगदी अलीकडे. मराठवाड्यात अशी किती तरी गावे आहेत. गावाचा दर्जा वाढला की पहिली इच्छा होते ती कार्यालयाच्या इमारतीची. त्यात गैर काही नाही. पावसात गळणाऱ्या खोलीत जन्ममृत्यूची दफ्तरे ठेवता येत नाहीत. पण त्याच तिजोरीतून अग्निशमनाचाही खर्च निघायचा असतो. नगरपंचायतींना लागू असलेल्या १९६५ च्या अधिनियमात आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्ता वाचवणे हे बंधनकारक काम आहे.

बंब विकत घेणे सोपे, तो सांभाळणे कठीण. चालक दिवसरात्र पाळीने हजर हवा, पाइप धरणारी माणसे शिकवलेली हवीत, टाकी कायम भरलेली हवी, ऐन मे महिन्यात पाणी कोठून भरायचे ते आधी ठरलेले हवे. हा खर्च दर महिन्याचा, आणि डोळ्यांना न दिसणारा. इमारतीला कोनशिला बसवता येते, चालकाच्या पगाराला बसवता येत नाही. बँकेतही हेच पाहिले. यंत्र घेण्यासाठी कर्ज मागायला माणूस हसत येई, ते चालवायला लागणाऱ्या खेळत्या भांडवलाचा आकडा मात्र त्याच्या कागदावर नसे.

माझ्या लहानपणी उन्हाळ्यात कडब्याच्या गंजीला आग लागली की सारे गाव विहिरीकडे धावे. रांग करून घागरी-बादल्या हातोहात जात. गंजी जायचीच, प्रयत्न असे तो शेजारचा गोठा वाचवण्याचा. आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तर या भागातल्या कोणत्याही घराला विसरता येणार नाही. सास्तूरसारखी आमच्या शेजारची गावे काही क्षणांत दगडमातीच्या ढिगाऱ्यात गेली. त्या दिवशी आम्हाला कळले की संकटात पहिल्या तासाला जो जवळ असतो तोच आपला. दूरची मदत कितीही मोठी असली तरी ती नंतर येते. अग्निशमनावरचा खर्च हा त्या पहिल्या तासावरचा खर्च आहे.

म्हणून कोणत्याही गावच्या सभागृहात इमारत आणि बंब यांचे दोन कागद शेजारी शेजारी येतील, तेव्हा मला वाटते, सभासदांनी मंडईच्या त्या जुन्या ठरावाची आठवण ठेवावी. इमारत बांधूच नका असे कोणी म्हणत नाही. आधी काय, हे मोठ्याने विचारणारा निदान एक आवाज सभेत असावा आणि तो इतिवृत्तात नोंदला जावा. घरी आपणही तेच करतो. दिवाणखान्याला रंग द्यायचा की आजीच्या डोळ्यांचे ऑपरेशन करायचे, हे ठरवायला अंदाजपत्रकाचे ज्ञान लागत नाही.

विश्रामबाग वाडा दुरुस्त होऊन उभा राहिला आणि विसाव्या शतकात काही दशके पुण्याच्या नगरपालिकेचे कार्यालयच तेथे होते. सत्काराची, आगीची आणि कारभाराची अशी ती एकच वास्तू. मंडईही आहे, आणि तिच्यावर जोतीरावांचे नाव आहे. हरलेल्या मताचा एवढा मोठा सन्मान एखाद्या गावाने केल्याचे उदाहरण मला दुसरे आठवत नाही. तरी मला वाटते, दगडावर नाव कोरले जाण्यापेक्षा अंदाजपत्रकाच्या सभेत आपला प्रश्न पुन्हा विचारला जाणे जोतीरावांना अधिक आवडले असते.