तारामती ते जोधाबाई

रुपेरी पडद्यावर राजवस्त्रे दुर्गा खोटे यांच्याइतक्या सहजतेने फार थोड्या अभिनेत्रींनी पेलली. १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईतील सुखवस्तू लाड कुटुंबात जन्मलेल्या दुर्गाबाई सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या. सासरची सांपत्तिक स्थिती ढासळली, दोन मुलांची जबाबदारी आली आणि त्या चित्रपटाकडे वळल्या. कुलीन स्त्रीने तोंडाला रंग लावणे तेव्हा निंद्य मानले जाई. ‘फरेबी जाल’मधील (१९३१) छोट्या भूमिकेने पदरी टीकाच पडली. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या ‘प्रभात’चा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला आणि त्यातील तारामतीने समाजाची नजर बदलली.

मात्र सोशिक राणीच्या साच्यात त्या अडकल्या नाहीत. ‘अमरज्योती’तील (१९३६) सौदामिनी ही अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलणारी चाचेराणी होती, तर सोहराब मोदींच्या ‘पृथ्वीवल्लभ’मधील (१९४३) मृणालवती कमालीची अहंकारी. एकाच कंपनीशी बांधून न घेता त्यांनी कलकत्त्यातही काम केले. त्या काळी हे धाडसच! ‘मुगल-ए-आझम’मध्ये (१९६०) पती आणि पुत्र यांच्या संघर्षात होरपळणारी जोधाबाई त्यांनी साकारली, तेव्हा त्या पंचावन्न वर्षांच्या होत्या. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.