मेंदूतील पहारेकरी शोधणारा डॉक्टर: पिओ देल रिओ ऑर्तेगा

तुमच्या घरात कोणाला पक्षाघात, पार्किन्सन किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस असेल, तर स्टेम सेलने मेंदूचा दाह कमी होतो अशी जाहिरात तुम्ही कधीतरी वाचली असेल. त्यात कितपत तथ्य आहे? हे समजण्यासाठी आधी हा दाह करणाऱ्या पेशी आणि त्या शोधणारा माणूस, दोघांचीही ओळख करून घेऊया.

गावातला डॉक्टर ते संशोधक

पिओ देल रिओ ऑर्तेगा यांचा जन्म 1882 मध्ये स्पेनमधील व्हायादोलिदजवळच्या पोर्तियो या गावी झाला. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून त्यांनी काही काळ गावातच रुग्ण तपासले. मात्र त्यांचा ओढा सूक्ष्मदर्शकाकडे होता. पुढे ते माद्रिदला निकोलास आचुकारो यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. नोबेल विजेते सांतियागो रामोन इ काहाल यांच्या संस्थेशी त्यांचा संबंध आला तो तिथेच.

त्या काळी मेंदूतील चेतापेशी आणि ताऱ्यासारख्या आधारपेशी माहीत होत्या. उरलेल्या पेशी मात्र नीट रंगत नसत, म्हणून त्यांना नुसतेच तिसरा घटक म्हटले जाई. ऑर्तेगांनी सिल्व्हर कार्बोनेट वापरून रंगवण्याची नवी पद्धत तयार केली आणि 1919 मध्ये एक वेगळीच पेशी स्पष्ट दाखवली. तिला त्यांनी मायक्रोग्लिया असे नाव दिले. चेतातंतूंवर आवरण घालणाऱ्या ऑलिगोडेंड्रोग्लिया पेशीही त्यांनीच ओळखल्या. तिसरा घटक म्हणजे एक नव्हे, तर दोन प्रकारच्या पेशी होत्या.

या पेशी काय करतात?

शांत असताना मायक्रोग्लियाला बारीक फांद्या असतात. मेंदूला इजा झाली की फांद्या आखडतात, पेशी गोलसर होते, जखमेकडे सरकते आणि मेलेल्या पेशींचा कचरा गिळते. हे बदल ऑर्तेगांनी टिपले. या पेशी मूळच्या मेंदूतल्या नसून बाहेरून आत येतात, असेही त्यांचे मत होते. 2010 मध्ये उंदरांवरील संशोधनात दिसले की त्या गर्भाच्या पीतककोशातून मेंदूत येतात.

मतभेद, युद्ध आणि परागंदा आयुष्य

या शोधाची किंमत त्यांना मोजावी लागली. काहाल यांच्याशी संबंध बिघडले आणि 1920 मध्ये त्यांना ती प्रयोगशाळा सोडावी लागली. दुसऱ्या जागी त्यांनी काम चालू ठेवले. 1924 मध्ये प्रसिद्ध मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड त्यांची पद्धत शिकायला माद्रिदला आले. 1936 मध्ये यादवी युद्ध पेटले आणि ऑर्तेगांना देश सोडावा लागला. पॅरिस, ऑक्सफर्ड आणि शेवटी ब्युनॉस आयर्स. तिथेच 1945 मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आजच्या स्टेम सेल उपचारांशी संबंध

इथे दाह म्हणजे मार लागल्यावर मेंदूत पाणी साठून येणारी सूज नव्हे. मायक्रोग्लिया दीर्घकाळ चिडलेल्या राहिल्या, तर दाह वाढवणारी रसायने सोडत राहतात आणि आसपासच्या निरोगी चेतापेशींचेही नुकसान होते.

अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतून मिळणाऱ्या मेझेन्कायमल स्टेम सेल शिरेतून दिल्या, तर त्यातील बऱ्याच फुप्फुसात अडकतात. त्या मेंदूत जाऊन नव्या चेतापेशी बनतात असे सहसा होत नाही. तरीही प्राण्यांवरील प्रयोगांत फायदा दिसतो. याचे मुख्य कारण या पेशींचे स्राव असावेत, असे आता मानले जाते. त्यांत प्रोस्टाग्लँडिन ई2 सारखी रसायने, प्रथिने आणि एक्सोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. प्रयोगशाळेत हे स्राव मायक्रोग्लियाचा भडका कमी करून त्यांना दुरुस्तीच्या कामाकडे वळवताना दिसतात.

माणसांमध्ये मात्र अजून पुरेसा पुरावा नाही. किती मात्रा, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या आजारात, हे ठरलेले नाही. शिवाय मायक्रोग्लिया पूर्ण गप्प करूनही चालत नाही, कारण जंतू आणि कचरा दूर करायला त्या लागतातच.

तुम्ही काय करावे?

- आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्रामुख्याने रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो.
- चाचणीची सीटीआरआय नोंदणी आणि नैतिक समितीची परवानगी दाखवायला सांगा.
- चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. लाखोंचे पॅकेज सांगितले, तर सावध व्हा.
- चालू औषधे आणि फिजिओथेरपी बंद करू नका. निर्णयापूर्वी तुमच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोला.

ऑर्तेगांनी काचपट्टीवर जे दिसले तेवढेच मांडले. स्टेम सेलची जाहिरात वाचताना तुम्हीही आधी पुरावा मागा. रुग्णाचा वेळ आणि घरातली पुंजी, दोन्ही जपायला हव्यात.